कळलावीचे फूल खुडा, कंद जमिनीतच राहू द्या

भाद्रपदात कोकणातल्या गडग्यांवर आणि घाटउतारांच्या झुडपांत कळलावी फुलते. पाकळ्या सहा, कडा नागमोडी, रंग उमलताना हिरवट-पिवळा आणि पुढे लालभडक. गौरीच्या पूजेत तेरड्याबरोबर हे फूल लागते, म्हणून ती दिसेनाशी होत चालल्याची चर्चा निघाली की बोट पहिल्यांदा फुले तोडणाऱ्या हातांकडे जाते. हा राग चुकीच्या जागी निघतो. कळलावीच्या जिवावर उठते ती कंदांची खोदाई, आणि तिच्यावर उपाय फक्त बंदीने होणार नाही. रोपवाटिकेत कंद वाढवावे लागतील.

हे समजायला तिची वाढ पाहावी लागते. पावसाच्या आरंभी कंदातून कोंब येतो, पानांच्या टोकांचेच ताणे होतात आणि त्यांच्या आधाराने वेल शेजारच्या झुडपावर चढते. पाऊस सरल्यावर वेल वाळते. तोवर जुना कंद सुकलेला असतो आणि पानांनी बनवलेल्या अन्नावर त्याच्या जागी नवा, बहुधा दोन फाट्यांचा कंद तयार झालेला असतो. फूल देठापाशी खुडले तर त्या वर्षीचे एक बोंड जाते, कंद राहतो. अख्खी वेल ओढून काढली तर मात्र नव्या कंदाचे पोषणच तुटते, आणि कंद खणला तर पुढच्या वर्षी तिथे काहीच उरत नाही. सगळीच फुले गेली तर बी कुठून पडणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून वेलीवर काही फुले ठेवावीत. पण बियांची उगवण संथ असते आणि फूल यायला तीन-चार वर्षे जातात. चांगल्या कंदाची वेल त्याच पावसाळ्यात फुलते. फाट्याच्या टोकाशी असलेला डोळा मोडला तर तो फाटा उगवत नाही, हे लावणाऱ्याने विसरू नये.

खोदाईमागे कारण आहे कोल्चिसिन. कंदात आणि बियांत असलेले हे द्रव्य गाऊट या सांधेदुखीवर औषध म्हणून वापरतात. पेशीविभाजन रोखण्याच्या त्याच्या गुणामुळे वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठीही ते उपयोगी पडते. तामिळनाडूत, जिथे हे राज्यफूल आहे, दिंडीगुल, करूर, तिरुपूर या भागांत बियांसाठी कळलावीची शेती होते. फुलातली परागवाहिनी काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर जाते, त्यामुळे बोंडे भरावीत म्हणून शेतकरी हाताने परागीकरण करतात. पीक मेहनतीचे आहे आणि भावातल्या चढउतारांनी शेतकऱ्याला रडवणारेही. शिवाय लागवडीचे कंद अनेकदा रानातूनच आलेले असतात. मग शेती वाढली की रान अधिकच खणले जाणार नाही का? बेणे रानातून येत राहिले तर नक्कीच जाईल. म्हणून आपल्याकडे आधी बेण्याची सोय हवी, शेतीचा विचार नंतर. सरकारी अनुदान द्यायचे झाले तर तेही रोपवाटिकेत वाढवलेल्या कंदांनाच मिळावे.

सर्वांत गंभीर आक्षेप विषाचा. वनस्पतीचे सर्वच भाग विषारी आहेत, कंद विशेषच. रताळे समजून तो खाल्ल्याने श्रीलंकेत माणसे दगावली आहेत. प्रसूती लवकर व्हावी म्हणून कंद उगाळून लावण्याची जुनी रीत आहे. आज तिच्या वाटेला जाऊ नये, पोटात घेण्याचा तर प्रश्नच नाही. पण विषारी म्हणून झाड उपटायचे, तर आधी महामार्गाच्या दुभाजकांवरची कण्हेर काढावी लागेल. तिच्यासोबत आपण राहतोच. कळलावी शाळेच्या आवारात किंवा कंदभाज्यांच्या वाफ्याशेजारी लावू नये, बेण्याच्या पिशवीवर ठळक मराठीत विषाची सूचना असावी, कंद हाताळताना हातमोजे घालावेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर हीच वेल वाळूच्या टेकड्यांवर पसरून उपद्रवी तण ठरली आहे, म्हणजे ती जात्याच नाजूक नाही. कोकणात ती मूळचीच, त्यामुळे इथे तशी भीती नाही. गडग्याच्या कडेला, निचऱ्याच्या जमिनीत, चढायला एखादे झुडूप असलेल्या जागी पावसाच्या तोंडावर कंद आडवा पुरला की तिला फारसे काही लागत नाही. गौरीची फुले मग दारच्या वेलीवरून घेता येतील.