पाटीवर नाव कुणाचे?

कोलकात्यात विजय दुर्गपासून (पूर्वीचे फोर्ट विल्यम) काही किलोमीटरवर, हातीबागानमध्ये स्टार थिएटर आहे. मूळ 'स्टार' 1883 मध्ये बीडन स्ट्रीटवर उभे राहिले, ते बिनोदिनी दासी या अभिनेत्रीमुळे. वेश्यावस्तीत वाढलेल्या बिनोदिनीने गुरमुख राय या व्यापाऱ्याची आश्रित व्हायचे कबूल केले, तेव्हा त्याने पैसा दिला. थिएटरला तिचे नाव देऊ, असे सहकाऱ्यांनी सांगितले होते. नोंदणी झाली 'स्टार' नावाने. 'तसल्या' बाईच्या नावाने भद्रलोक बिथरतील, हेच त्यामागचे कारण मानले जाते. तीन वर्षांत तिने रंगभूमी सोडली. पुढे आत्मचरित्रात हे सारे लिहून ठेवले. थिएटरला तिचे नाव देण्याची घोषणा झाली 2024 च्या अखेरीस. 141 वर्षांनी!

आपल्याकडे काय वेगळे आहे? महार, मांग, कोल्हाटी बायांनी तमाशाचे फड गाजवले. त्यांच्या वाट्याला दौलतजादा आली आणि बदनामीही. नाट्यगृहांच्या पाट्यांवर मात्र बालगंधर्व, गडकरी, भावे.

बिनोदिनीचे नाव टिकले, कारण तिने स्वतः लिहिले. आपल्या घरांत लिहिता येणारी पहिली पिढी आपली आहे. गावच्या फडातल्या आजीकडे बसा, तिचे नाव आणि तिची हकिकत लिहून घ्या. पाटीची मागणी त्या कागदावरूनच करता येईल.