आमचे की आपले?

बँकेतली माझी निम्मी नोकरी परिपत्रके वाचण्यात गेली. नवे परिपत्रक आले की आम्ही आधी पहिली ओळ पाहायचो. ‘अंशतः फेरबदल करून’ असे असेल तर जुना कागद फायलीत राहायचा. ‘अधिक्रमित करून’ असेल तर तो बाद. हे आता आठवायचे कारण माझी कादंबरी.

मी भंडाऱ्यात लिहितो, पुण्यात संगणकाची नोकरी करणारी पुतणी तपासते. दोन घरी दोन प्रती झाल्या, तेव्हा तिने सगळा मजकूर ‘गिट’मध्ये ठेवला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली प्रोग्रामर मंडळींसाठी तयार केलेली ही व्यवस्था प्रत्येक बदलाची नोंद राखते आणि ‘मर्ज’ अशी आज्ञा दिली की दोन प्रती एक करते. दोघांनी वेगळ्या जागी बदल केले असतील तर दोन्ही घेते. एकाच ओळीला दोघांनी हात लावला असेल तर थांबते, कोणाचे ठेवायचे ते आपल्यावर सोडते. (इतका समजूतदारपणा आमच्या हेड ऑफिसकडेही नव्हता.)

“काका, जिथं अडेल तिथं तुमचंच ठेवा,” पुतणी फोनवर म्हणाली. कुठल्याशा प्रशिक्षणवर्गाचा एक छापील कागद माझ्यापाशी होता. त्यात ‘अवर्स’ या शब्दासमोर एवढेच होते : आमचे ठेवा. मी उणे चिन्हापुढे लहान एस आणि तो शब्द टाइप केला. मर्ज झाले. कुठे काही अडले नाही, म्हणून मी खूश.

तीन आठवड्यांनी कळले, तिच्या प्रतीतले एक अक्षरही आलेले नाही. ऱ्हस्व-दीर्घ गेले त्याचे मला फारसे दुःख नव्हते. पण साकोलीकडच्या आमच्या थोरल्या वहिनींसमोर बसून तिने माझ्या संवादांतली झाडीबोली ओळ न् ओळ सुधारून घेतली होती, आणि वहिनी आता नाहीत. घाबरून पुन्हा मर्ज केले, तर यंत्राचे उत्तर : सर्व अद्ययावत आहे! त्याच्या लेखी दोन प्रती एक झालेल्याच होत्या.

गिटमध्ये जुनी नोंद सहसा पुसली जात नाही, म्हणून वाचलो. पुतणीने मर्जच्या आधीच्या जागी नेऊन ठेवले आणि वहिनींचे शब्द परत आले. मग गिटचे मूळ माहितीपत्रक तिने मला वाचून दाखवले. ‘अवर्स’ दोन ठिकाणी आहे. मोठ्या एक्सबरोबर दिला, तर फक्त अडलेल्या जागी आपल्या बाजूचे राहते, बाकी दुसऱ्याचे सगळे येते. लहान एसबरोबर दिला, तर दुसऱ्याच्या बदलांकडे पाहिलेही जात नाही. या दोहोंत गल्लत करू नका, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे एक ‘अंशतः फेरबदल’, दुसरा ‘अधिक्रमित’! माझ्या कागदावर हे एक वाक्य असते, तर मी लगेच ओळखले असते.

माहितीपत्रक लिहिणे हे हाताखालच्या माणसावर ढकलायचे काम, अशी समजूत बँकेत होती, संगणकवाल्यांतही दिसते. मला ती चुकीची वाटते. आज्ञा काय करते हे तर लिहावेच, पण काय टाकून देते आणि परत कसे फिरायचे, हे आधी लिहावे. वापरणारा त्या क्षणी एकटा असतो.

आणि शब्द? इंग्रजीत ‘अवर’ एकच. मराठीत ‘आमचे’ म्हटले की समोरचा बाहेर, ‘आपले’ म्हटले की आत. त्यातून ‘रिबेस’ नावाच्या दुसऱ्या आज्ञेत बाजू उलटतात. तिथे आपण केलेले काम ‘त्यांचे’ ठरते!

आता मी आणि पुतणी मिळून घरापुरते एक पान मराठीत लिहितो आहोत. आमचे-त्यांचे दोन्ही तिने खोडले. तिथे आता ‘भंडाऱ्याची प्रत’ आणि ‘पुण्याची प्रत’ असे आहे.