गुरुवारची सुट्टी आणि ताडोबाची सफारी

सफारी म्हणजे आफ्रिका आणि आफ्रिका म्हणजे बड्यांची चैन, असे समजून आपले कारागीर बांधव मुलाबाळांना कोठेच नेत नाहीत. पण वाघाचे ताडोबा आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तेथे शनिवार-रविवारी दर चढे असतात, मंगळवारी जंगल बंद. भोसरी-चाकणच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. हा आपला फायदाच आहे. मंगळवारी रात्री रेल्वेने निघावे, बुधवारी नागपूरमार्गे मोहर्लीस मुक्काम करावा, गुरुवारी सकाळी सफारी करून परतावे. जिप्सीत सहा प्रवासी बसतात. दोन लहान कुटुंबांनी भाडे वाटून घ्यावे. जुलै ते सप्टेंबर मुख्य जंगल बंद असते, म्हणून बेत हिवाळ्यात आखावा व नोंदणी आगाऊ करावी. मशीनला विश्रांती देणाऱ्यांनी घरच्यांचाही हक्क ओळखावा, असे आम्हाला वाटते.