खटपट : 'फॉरमॅट करू का?' म्हणाला तर!

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलंय, ते सगळ्यात आधी घेतो. बाकीच्यांनी जरा रांगेत थांबा, कारण या पत्राला घाई आहे.

सातवीतली एक मैत्रीण लिहिते : ''आमच्याकडे बोटभर लांबीचा एमपी-थ्री प्लेअर आहे. त्यात मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. आजी दिवाळीनंतर गेली. आता प्लेअर कॉम्प्युटरला लावला की तो म्हणतो, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का? दादा म्हणतो, हो म्हण, लगेच चालू होईल. म्हणू का?''

नाही! मुळीच म्हणू नकोस.

दादाचं अर्धं खरं आहे. 'हो' म्हटलं तर प्लेअर चालू होईलही. पण रिकामा. आपल्याला काय हवंय, प्लेअर की ओव्या? प्लेअर काय, दुसरा मिळेल.

आता आत काय झालंय ते बघू. प्लेअरच्या पोटात मेमरीची चिप असते. ती एक जाडजूड वही आहे असं समजा. वहीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका. कुठलं गाणं कुठल्या पानावर सुरू होतं आणि तिथून पुढे कुठल्या पानावर जातं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. कारण एक गाणं सलग पानांवर असेलच असं नाही. जिथे जागा सापडेल तिथे तुकडे ठेवलेले असतात. या अनुक्रमणिकेचं नाव 'फाइल अ‍ॅलोकेशन टेबल', आद्याक्षरं घेतली की 'फॅट'. (जाडेपणाशी काही संबंध नाही. हसू नका!)

गाणं भरणं चालू असताना कुणी केबल ओढली किंवा नेमकी तेव्हाच बॅटरी संपली, की अनुक्रमणिका अर्धवट लिहिली जाते. कॉम्प्युटर ती उघडून बघतो, त्याला काही बोध होत नाही, आणि तो सरळ म्हणतो, ''ही वही नवी करून देऊ का?'' आतले धडे बहुतेक वेळा जिथल्या तिथे असतात. फक्त ते कुठे आहेत हे सांगणारं पान फाटलेलं असतं. 'फॉरमॅट' म्हणजे तिथे नवी, कोरी अनुक्रमणिका चिकटवणं. त्यानंतर नवी गाणी भरली की ती खुशाल जुन्या धड्यांवर लिहिली जातात. मग ते धडे परत येत नाहीत. आणि विंडोजमध्ये 'क्विक' या शब्दापुढची खूण काढून फॉरमॅट केलं, तर सगळी वही खोडरबरानं पुसल्यासारखी होते.

तेव्हा मैत्रिणी, आजपासून त्या प्लेअरमध्ये एकही गाणं भरायचं नाही, काही रेकॉर्ड करायचं नाही. आधी केबल बदलून बघ. मग कॉम्प्युटरचं दुसरं भोक, मग दुसरा कॉम्प्युटर. प्लेअरला बारकं मेमरी कार्ड असेल आणि ओव्या त्यावर असतील, तर कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालून बघ. पुष्कळदा रडगाणं केबलचंच असतं. ओव्या दिसल्या तर आधी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घे. 'स्कॅन करून दुरुस्त करू का' असाही प्रश्न येतो. त्यालाही ओव्या हातात येईपर्यंत नाहीच म्हण.

तरीही 'फॉरमॅट करू का'च येत असेल, तर 'फोटोरेक' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. नाव फोटोचं, पण आवाजाच्या फायलीही शोधतो. तो अनुक्रमणिकेच्या नादालाच लागत नाही. वहीचं पान न् पान चाळत जातो आणि ओळखीची खूण शोधतो. 'वेव्ह' प्रकारच्या रेकॉर्डिंगची सुरुवात नेहमी आर-आय-एफ-एफ या चार अक्षरांनी होते. ती दिसली की त्याला कळतं, इथे एक आवाज सुरू झाला. सापडलेल्या फायलींची नावं मात्र गेलेली असतात, नुसते आकडे येतात, ऐकून ओळखावं लागतं. या प्रोग्रॅमला चित्रं नाहीत की बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असतात. म्हणून हे काम दादाला नव्हे, कॉम्प्युटरचं काम रोज करणाऱ्या कुणा मोठ्या माणसाला शेजारी बसवून कर. सापडलेलं सगळं कॉम्प्युटरवर साठवायचं. चुकूनही त्याच प्लेअरवर नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द. दुरुस्तीवाल्याकडे द्यायची वेळ आली तर कागदावर ठळक लिहून तो प्लेअरला चिकटवा : 'आतलं रेकॉर्डिंग हवं आहे. प्लेअर चालू नाही झाला तरी चालेल.' नुसतं ''बघा हो, बिघडलाय'' म्हटलंत, तर तो बिचारा सगळ्यात पहिल्यांदा फॉरमॅटच करील, आणि त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. कॉम्प्युटरला प्लेअर लावल्याचं कळतच नसेल, तर बिघाड चिपमध्ये किंवा तिच्या जोडणीत असू शकतो. मग आतली माहिती काढून देणाऱ्या खास लोकांकडे जावं लागतं. ते काम महाग आहे आणि दर वेळी यश येतंच असं नाही. पैसे किती आणि काही सापडलं नाही तरी द्यायचे का, हे आधीच विचारून घ्या.

ज्यांच्या आज्या आहेत त्यांनी हे सगळं वाचून आजच उठायचं. अशा प्लेअरमध्ये बहुधा 'रेकॉर्ड' किंवा 'व्हॉइस' नावाचं फोल्डर असतं. त्याची एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या गावच्या मावशीकडे किंवा काकाकडे पाठवून द्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तरी तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं थोडंच आहे!

रेकॉर्ड करताना एक लक्षात ठेवा. ओवी संपली की आधी 'थांबा'चं बटण दाबायचं, मग प्लेअर बंद करायचा. रेकॉर्डिंग किती लांब आहे हा आकडा फायलीच्या सुरुवातीला लिहायचा असतो, पण तो कळतो शेवटी. म्हणून बरेच प्लेअर तो थांबवल्यावर मागे जाऊन लिहितात. मध्येच बॅटरी संपली तर तिथे शून्य राहतं आणि वीस मिनिटांची फाइल 'मी रिकामी आहे' म्हणून सांगते. तीही पुसू नका. आतला आवाज बहुतेक वेळा शाबूत असतो आणि जाणकाराला काढता येतो.

असाच आणखी एक फसवा प्रश्न आयपॉडवाल्यांना येतो. अ‍ॅपलनं पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आणला आणि मे २०२२ मध्ये आयपॉड बंद केला. पण काका-आत्यांच्या कपाटात ते अजून पडलेले असतात, आणि चालतातही. असा जुना आयपॉड तुमच्या कॉम्प्युटरला लावला की आयट्यून्स विचारतं, हा दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, यातलं सगळं पुसून इथलं भरू का? काकांची सगळी गाणी एका टिचकीत गुल! आधी काकांना विचारा.

बरं, आता रांगेतले बाकीचे.

प्लेअर चालूच होत नाही. अशी तीन पत्रं आहेत. आधी कडेचं 'होल्ड' बटण बघा. ते सरकलेलं असलं की बाकीची बटणं मुद्दाम मुकी होतात, म्हणजे खिशात आपोआप दाबली जाऊ नयेत. ते ठीक असेल तर चार्जिंगला लावून अर्धा तास विसरून जा. महिनोन् महिने पडून राहिलेली बॅटरी इतकी खाली गेलेली असते की पहिली काही मिनिटं पडद्यावर काहीच उमटत नाही. मग बारीक भोक शोधा. काही प्लेअरना टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं, त्यात हलकेच एकदा दाबायचं. माइकचंही भोक तसंच दिसतं, त्यात टाचणी खुपसू नका! म्हणून आधी सोबतचा कागद वाचा. चाकवाल्या आयपॉडचं होल्ड बटण एकदा पुढे-मागे करून 'मेनू' आणि मधलं बटण सहा ते आठ सेकंद एकत्र दाबून धरा. गाणी जात नाहीत.

पाठ फुगलेली दिसली, तर यातलं काही करायचं नाही. आतली लिथियमची बॅटरी फुगली आहे. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. मोठ्यांना दाखवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घरच्या कचऱ्यात नको.

चार्ज होतो पण कॉम्प्युटरवर दिसत नाही. केबल! काही स्वस्त केबलींत विजेच्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

एकाच कानात ऐकू येतं. हेडफोन दुसऱ्या कशाला तरी लावून बघा. तिथेही एकच कान चालत असेल तर तार तुटलीय, बहुतेक पिनेजवळच, कारण आपण सगळे तिथेच वाकवतो. हेडफोन चांगला निघाला तर प्लेअरच्या भोकात खिशातला कापूस-लोकर साचलेली असते आणि पीन पूर्ण आत बसत नाही. प्लेअर बंद करून कोरड्या लाकडी दातकोरणीनं हळूच काढा. सुई नको. भोक ओलसर असेल तर आधी वाळू द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या मंडळींनी, प्लेअर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. नव्या बुटांच्या खोक्यात येणारी दमट हवा शोषणारी पुडी सोबत टाकावी.

गाणी उलटसुलट वाजतात, एकनंतर दहा येतं. बरोबरच आहे! काही प्लेअर आकडा आकडा म्हणून वाचत नाहीत, शब्दकोशासारखं डावीकडून एकेक अक्षर बघतात. एकानं सुरू होणारे सगळे आधी, मग दोन. म्हणून नावं ०१, ०२, ०३ अशी द्या. काही स्वस्त प्लेअर तर नावंच बघत नाहीत, ज्या क्रमानं भरली त्या क्रमानं वाजवतात. त्यांच्यासाठी फोल्डर रिकामं करून गाणी पुन्हा ओळीनं भरायची.

मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. गाणं शाबूत आहे. प्लेअरला देवनागरी अक्षरांची चित्रं दिलेलीच नाहीत, आणि ती आपल्याला बाहेरून भरता येत नाहीत. नावं रोमन अक्षरांत लिहिणं एवढाच उपाय. पण फाइलचं नाव बदलूनही चौकोन राहिले तर चक्रावू नका. गाण्याच्या आत एक चिठ्ठी असते, तिच्यावर गाण्याचं, गायकाचं नाव लिहिलेलं असतं. पुष्कळ प्लेअर फाइलचं नाव सोडून ती चिठ्ठी वाचतात. तीही बदलावी लागते. मराठी नावानं मराठी गाणं लावता येऊ नये याचा मला राग येतो, पण इथे टाचणीचा उपयोग नाही.

मी शेवटी 'एमपी-थ्री' लिहिलं तरी गाणं वाजत नाही. अरे, बरणीवर 'साखर' लिहिल्यानं आतलं मीठ गोड होतं का? गाणं खरोखर रूपांतरित करावं लागतं. 'ऑडॅसिटी' हा फुकट प्रोग्रॅम ते काम करतो.

१ टीबीचं कार्ड अगदी स्वस्तात मिळतंय, घेऊ? नको. अशी काही कार्डं खोटी असतात. आतली जागा थोडीच, पण कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगायला शिकवलेली. ती भरली की नवी गाणी जुन्यांच्या डोक्यावर बसतात किंवा हवेत जातात. शिवाय बरेच जुने प्लेअर ३२ जीबीच्या वरचं कार्ड वाचतच नाहीत.

आई म्हणते आवाज कमी कर. किती कमी? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये माप दिलंय. मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ७८ला २० तास, ८१ला १० तास. प्लेअरवर डेसिबल लिहिलेले नसतात. पण हेडफोन घालून बसल्यावर हातभर अंतरावरचा माणूस काय बोलतो ते कळत नसेल, तर आवाज जास्तच आहे. एसटीत इंजिनाच्या वर आवाज चढवत नेऊ नका. तिथे खिडकीतून बाहेर बघा.

आता कोडं. १९९८ साली आलेल्या 'रिओ पीएमपी ३००' या प्लेअरमध्ये ३२ एमबी जागा होती. सीडीवरचं चार मिनिटांचं गाणं तसंच ठेवलं तर साधारण ४२ एमबी घेतं, म्हणजे एकसुद्धा मावलं नसतं! एमपी-थ्रीची युक्ती अशी, की मोठ्या आवाजाखाली दबून आपल्या कानाला जे ऐकूच येत नाही ते बरंचसं टाकून द्यायचं. सेकंदाला १६ किलोबाइट या हिशेबानं तेच गाणं चार एमबीच्या आत बसतं. तर सांगा बघू, त्या प्लेअरमध्ये किती मिनिटांची गाणी मावत होती? आणि आजच्या ३२ जीबीच्या कार्डावर त्याच हिशेबानं भरलेली गाणी रात्रंदिवस न थांबता लावली तर किती दिवस चालतील? एक एमबी म्हणजे १००० किलोबाइट आणि एक जीबी म्हणजे १००० एमबी धरा. उत्तर पुढच्या अंकात. कॅल्क्युलेटर वापरलात तर तसं लिहा.