सिकंदराबादचा संगणक, आदिलाबादचा पडदा

आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेसने सिकंदराबादला जायचे तर वाट महाराष्ट्रातून जाते. गाडी किनवट, भोकर करत मुदखेडला येते आणि धर्माबाद सोडल्यावर बासरपाशी पुन्हा तेलंगणात शिरते. निजामाच्या काळी हा सारा मुलूख एकाच संस्थानात होता. 1956च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात. 2014मध्ये तो तेलंगणाचा झाला, 2016मध्ये त्याचेच चार जिल्हे झाले. राज्ये बदलत गेली, पण एक गोष्ट टिकली. आदिलाबादकराची महत्त्वाची नोंद आदिलाबादेत नसते. आधी ती हैदराबादच्या दप्तरात होती, पुढे दूरच्या संगणकात गेली.

रेल्वे आरक्षणाचेच पाहा. संगणकीय आरक्षण 1985मध्ये दिल्लीत सुरू झाले. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संगणक संस्थेने तयार केलेली ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली सर्वांत आधी, 1994मध्ये, सिकंदराबादला बसली. एप्रिल 1999पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. यंत्रे डिजिटल कंपनीची, व्हॅक्स घराण्यातली. खिडकीवरच्या बाबूसमोर असायचा तो ‘डंब टर्मिनल’: पडदा, कळफलक आणि मागे एक तार. शिल्लक बर्थ किती, हे त्याला स्वतःला काहीच ठाऊक नसे. कळ दाबली की अक्षर तारेने दूर जायचे, उत्तर पडद्यावर उमटायचे.

पुढे पीसी स्वस्त झाले आणि टर्मिनल अडगळीत गेले. मोठा संगणक मात्र जागचा हलला नाही. त्याच्या लेखी समोर अजून तोच जुना टर्मिनल होता. म्हणून पीसीला टर्मिनलचे सोंग घ्यायला लावणारी सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर, आली. कोलंबिया विद्यापीठातले ‘कर्मिट’ 1981चे, ‘एक्सटर्म’ 1984चे, आजही सर्रास वापरात असलेले ‘पुट्टी’ 1999चे. या सोंगाची गुणवत्ता एकाच कसोटीवर ठरते: समोरच्या संगणकाला शंका येता कामा नये. डिजिटलच्या 1978च्या व्हीटी100ला 24 ओळी आणि 80 रकाने होते, म्हणून नकलेलाही तेवढेच. हे 80 तरी कुठून आले? आयबीएमच्या 1928च्या भोके पाडलेल्या कार्डावरून. व्हीटी100वर पीएफ1 ते पीएफ4 अशा चार कळा होत्या. पीसीच्या कळफलकावर त्या नाहीत, म्हणून कोणती कळ कोणाचे काम करील हे नेमून देण्याची सोय. पडद्यावरचा मजकूर टर्मिनलला जोडलेल्या छपाईयंत्राकडे वळवण्याची सोय, फाइल पाठवण्याची सोय, रोजची ठरावीक बटणे आपोआप दाबणारे मॅक्रो, दिवसभराच्या व्यवहाराची नोंद. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ही यादी पानभर चालते. सुरक्षेचे कलम त्यात उशिरा आले. टेलनेट या जुन्या जोडणीवर पासवर्ड उघडाच जायचा, त्यावर एसएसएच या सुरक्षित जोडणीचा उतारा 1995मध्ये मिळाला.

आदिलाबादसारख्या जिल्ह्याने त्या यादीत एकच कलम आधी शोधावे: पडद्यावर माझे नाव माझ्या अक्षरांत दिसेल का?

हा प्रश्न आपल्याकडे वेळेवर विचारला गेला होता, हे आता विसरले गेले आहे. संगणकावर भारतीय लिप्या आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्राचे आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम 1988नंतर पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेत वाढले. पीसीत बसणारे जिस्ट कार्ड निघाले, तसे व्हीटी टर्मिनलचे सोंग घेऊन भारतीय लिप्या दाखवणारे जिस्ट टर्मिनलही. त्यामागचे ‘इस्की’ हे अक्षरसंकेतांचे प्रमाण 1991चे. त्यातली युक्ती सीमाभागासाठीच घडवल्यासारखी होती. देवनागरी ‘क’चा अंक 179, तेलुगू ‘क’चाही 179, लिपी बदलायची ती फक्त एका खुणेने. म्हणजे बेला किंवा जैनथच्या मराठी शेतकऱ्याचे नाव एकदाच नोंदवावे, तलाठ्याने ते तेलुगूत वाचावे आणि खातेदाराने देवनागरीत. उर्दू या व्यवस्थेबाहेर होती, हे उणेच.

पण ही सोय नाजूक होती. व्हीटी100 सात बिटांचा. मधला कुठलाही दुवा किंवा नक्कल सात बिटांवर बेतलेली असली की आठवा बिट गळायचा आणि 179चे व्हायचे 51. संगणकाच्या भाषेत 51 म्हणजे इंग्रजी आकडा 3. अख्खे नाव असे आकडे-चिन्हांच्या खिचडीत निघाले की कार्यालयाने रोमनचा सोपा रस्ता धरला, तर त्याला फारसा दोष देता येत नाही. दोष खरेदीच्या कागदाचा. त्यात टर्मिनलच्या नमुन्याचे नाव, ‘व्हीटी220शी सुसंगत’, एवढे लिहिले की भागत असे. लिपीची अट ज्यांनी घालायची त्यांच्यापर्यंत जिल्ह्याचा आवाज पोहोचतच नव्हता.

युनिकोडने आठव्या बिटाची कटकट संपवली, चौकटीची नाही. आजच्या अनेक एम्युलेटरमध्ये प्रत्येक संकेताला एक घर अशी मोजणी चालते, आणि ‘क्षि’सारखे अक्षर तिथे फुटते, वेलांटी एकीकडे, जोडाक्षर दुसरीकडे. कार्डाच्या 80 रकान्यांत इंग्रजी बसत होती, आपली अक्षरे त्यात कोंबली गेली. नक्कल इतकी प्रामाणिक झाली की मूळ यंत्राचे व्यंगही तिने वारशात घेतले.

याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडलातील गुंजाळा गावी गोंडी लिपीतली हस्तलिखिते सापडली, आणि त्या लिपीला जून 2018मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता लिपीला संकेतच नाहीत, ही सबब उरलेली नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यालयासाठी दूरच्या मोठ्या संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर घेताना निविदेत एक साधी चाचणी लिहावी: तेच एक नाव तेलुगू, देवनागरी, उर्दू आणि गुंजाळा गोंडीत पडद्यावर आणि कागदावर शुद्ध उमटले पाहिजे. जे उमटवू शकत नाही, ते बाकीची यादी कितीही लांब असली तरी घेऊ नये.