डोळ्याची लांबी आणि पोळीची जाडी

चष्मा लागून मला यंदा छप्पन्न वर्षे झाली. इयत्ता पाचवीत फळा दिसेनासा झाला तेव्हा मास्तरांनी प्रथम छडी वापरून पाहिली आणि ती लागू पडत नाही असे दिसल्यावर वडिलांना बोलावून घेतले. तेव्हापासून नंबर वाढत वाढत उणे नऊवर येऊन थांबला आहे. या सदराचे जुने वाचक हे सारे जाणतात. चष्मा विसरून भलत्याच गृहस्थांना मी सहस्रचंद्रदर्शनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, ती हकिकत याच पानावर येऊन गेली आहे. त्यामुळे आज पुन्हा चष्म्याचे पुराण कशाला, असे कुणी म्हणेल. पण या श्रावणात जे घडले ते चष्म्याच्या मागचे, किंबहुना डोळ्याच्याही मागचे आहे.

आम्ही उभयता नवी मुंबईत, नेरूळला राहतो. घराजवळच्या एका रुग्णालयात डोळे तपासून घ्यायला गेलो होतो. हनुवटी टेकवा, हिरव्या खुणेकडे पाहा, पापणी मिटू नका, असे करता करता एका यंत्राने आम्हा दोघांच्या डोळ्यांचे आडवे छेद कागदावर उतरवून दिले. ते कागद हातात ठेवताना तिथला मुलगा सहज म्हणाला, "काका, तुमचा मागचा थर फारच पातळ झालाय हो. डॉक्टर आता गुरुवारी भेटतील."

तो वार रविवार होता. चार दिवस मी जे काही वाचले ते शेवटचेच वाचतो आहे अशा बेताने वाचले. ज्याचे पोट अक्षरांवर चालते त्याला असे वाक्य सहज म्हणून ऐकवू नये. त्यात भर म्हणजे सौ.चा कागद. तिच्या कागदावर २६२ हा आकडा होता आणि माझ्यावर १२८. संसारात तिचे पारडे जड आहे हे मला ठाऊक होते, पण ते असे मायक्रॉनमध्ये मोजून दाखवण्याची गरज नव्हती.

गुरुवारी डॉक्टरीणबाई भेटल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तुमच्या डोळ्याची लांबी किती?"

माणसाची उंची असते, जमिनीची लांबी असते, पण डोळ्याची? तर असते. बुबुळाच्या पुढच्या टोकापासून मागच्या पडद्यापर्यंत जे अंतर, ती डोळ्याची लांबी. मोठ्या माणसात ती साधारण तेवीस मिलिमीटर भरते. ती एका मिलिमीटरने वाढली की चष्म्याचा नंबर सुमारे अडीच ते तीनने उणे होतो. माझी मोजली तेव्हा सत्तावीस निघाली. सौ.ची बावीस पूर्णांक आठ.

आता तो मागचा थर. डोळ्याच्या आतल्या बाजूला दृष्टिपटल, म्हणजे ज्याला आपण नुसते पडदा म्हणतो ते, बाहेर पांढरे टणक कवच, आणि या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला एक काळसर थर. त्याला रंजितपटल म्हणतात. डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा फार मोठा वाटा हाच घेतो. पडद्याच्या ज्या बिंदूने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, ओळखीचा चेहरा ओळखतो, त्या बिंदूला स्वतःची रक्तवाहिनी नाही. त्याचे सारे पोषण या थरातून झिरपून येते. आणि एवढ्या मोठ्या कोठाराची जाडी किती, तर मिलिमीटरचा चौथा हिस्सा, साधारण पोस्टकार्डाइतकी.

हा थर जिवंत माणसात नीट मोजता येऊ लागला तो अगदी अलीकडे. मृत डोळ्यात रक्त ओसरलेले असते, त्यामुळे तिथले माप खरे नव्हे. प्रकाशाचा प्रतिध्वनी मोजणारे ओसीटी यंत्र अमेरिकेत १९९१ साली जाहीर झाले, पण त्याची नजर पडद्यापाशीच अडखळे. २००८ साली न्यूयॉर्कचे डॉ. स्पेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. यंत्र डोळ्याच्या नेहमीपेक्षा अधिक जवळ आणले. चित्र उलटे आले, पण खोलवरचा थर स्वच्छ दिसू लागला. मोठमोठ्या शोधांमागे कधी कधी नुसती खुर्ची पुढे सरकवणे असते, ते असे.

"डोळा लांब, तर थर पातळ," बाई म्हणाल्या. मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, "त्यात काय कळायचंय? गोळा तेवढाच, पोळी मोठी लाटली की पातळ होणारच." बाईंनी हे वाक्य वहीत लिहून घेतले. माझे एकही वाक्य आजवर कुणी असे लिहून घेतलेले नाही.

घरी येऊन मी कागद घेऊन बसलो. बीजिंगमध्ये २०११ साली पन्नाशीपुढच्या ३,२३३ माणसांचा हा थर मोजला होता. सरासरी आली २५४ मायक्रॉन. तिथल्या डोळ्यांची सरासरी लांबी सव्वातेवीस मिलिमीटर. उणे नंबरवाल्यांत लांबी मिलिमीटरने वाढली की थर ३२ मायक्रॉनने उतरे. माझा डोळा सरासरीहून पावणेचार मिलिमीटर लांब. पावणेचार गुणिले बत्तीस, एकशेवीस. २५४ वजा १२०, राहिले १३४. माझे माप १२८! सहा मायक्रॉनांची तूट, म्हणजे एका तांबड्या पेशीच्या रुंदीहूनही कमी. चार दिवसांची झोप मी एवढ्यासाठी घालवली होती.

शिवाय वय. बीजिंगमध्ये दर वर्षामागे चार मायक्रॉन कमी होत गेले. न्यूयॉर्कला २००९ साली तीस माणसांत मोजले तेव्हा दीडच. शिवाय घड्याळ. हा थर रात्री फुगतो आणि दिवस कलताना पातळ होतो, फरक तीसेक मायक्रॉनपर्यंत जातो. कॉफी प्यायल्यावरही काही तास तो उतरतो. मी तपासणीला गेलो ते दुपारी चारला, स्टेशनसमोर कॉफी पिऊन.

पण हे मोजमाप चिनी माणसांचे, आपले काय, हा प्रश्न राहतोच. थराच्या नव्हे पण लांबीच्या बाबतीत उत्तर आपल्या घरात आहे. २००६ ते २००८ या काळात नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले. तिथे डोळ्याची सरासरी लांबी २२.६ मिलिमीटर भरली. बीजिंगच्या शहाण्या नागरिकांपेक्षा आमचा विदर्भातला शेतकरी आखूड डोळ्याचा! मात्र एकाचा डोळा अठरा मिलिमीटर तर दुसऱ्याचा चौतीस, इतकी तफावत त्या खेड्यांत होती. अशा मुलखात सगळ्यांना एकच आकडा लावून हा पातळ, हा जाड म्हणणे म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवणे. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. उंच माणसांचे डोळे लांब, आणि अधिक शिकलेल्यांचेही. पाचवीत मला छडी मारणाऱ्या मास्तरांना हे कळायला हवे होते.

बाईंनी मला पूर्ण सोडले मात्र नाही. "काका, तुमच्या लांबीला हा आकडा साजेसा आहे. पण साजेसा म्हणजे निर्धोक नव्हे. ताणलेल्या डोळ्यात पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या उगवू शकतात. रोज एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहायचं. सरळ गज वाकडा दिसला तर गुरुवारची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी यायचं." निरोगी माणसांच्या बहुतेक अभ्यासांत उणे सहाच्या पुढच्यांना घेतच नाहीत, हेही त्यांनी हसत सांगितले. म्हणजे छप्पन्न वर्षे मी स्वतःला धडधाकट समजत होतो तो एक गैरसमजच.

उठता उठता सौ.ने पिशवीतून दुसरा कागद काढला. तो आमच्या नातीचा. चौथीत आहे, नंबर उणे दीड. फेब्रुवारीत डोळ्याची लांबी २३.९, ऑगस्टमध्ये २४.१. तो पाहताना बाई हसल्या नाहीत.

माझी पोळी लाटून झालेली आहे. तिची अजून पोळपाटावर आहे. कोंबडीच्या पिलांवर १९९५ साली केलेल्या प्रयोगांत दिसले की डोळ्यावर भिंग लावले तर हा थर काही दिवसांतच फुगून पडदा पुढे ढकलतो. हा थर नुसता ताणला जात नाही, डोळ्याच्या वाढीत त्याचाही हात असावा असा तज्ज्ञांचा कयास आहे. वाढ मंदावण्यासाठी अॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब देतात. (हे द्रव्य धोत्र्यातही असते. पण म्हणून कुणी घरगुती प्रयोग करू नये, धोतरा तो धोतराच.) ते थेंब सुरू झाले आहेत. दुसरे औषध फुकटचे आहे, ते म्हणजे दिवसाउजेडी बाहेर राहणे. चीनमधल्या ग्वांगझाऊत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना उणे नंबर लागला होता, न काढलेल्यांत ३९.५ टक्के.

आमच्या सेक्टरात मैदान आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, तिने हे गाव वसवताना मैदाने राखली. त्यांच्यावर जाण्याची वेळ मात्र शिकवणीवाल्यांनी घेतली. सूनबाईंशी थोडी बोलाचाली झाली. अबॅकसचा क्लास सुटला. हल्ली रोज साडेचारला मी नातीला घेऊन सीवूड्सच्या तळ्याकडे जातो. तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते अजून आलेले नाहीत. ती रोज काठावर उभी राहून लांबवर पाहते आणि मला विचारते, "आजोबा, ते गुलाबी काही दिसतंय का तुम्हाला?" मी चष्मा पुसून पुन्हा पाहतो.