ताकद मोजून झाली, आता हालचाल मोजा

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर इथे आहे. नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. रामनवमीला महाराष्ट्राबरोबर तेलंगण, कर्नाटक, आंध्रातूनही तांडेच्या तांडे येतात. एवढी माणसे येतात तिथे बांधकाम कधी संपत नाही. भक्तनिवास, स्वच्छतागृहांच्या रांगा, पेव्हर ब्लॉकची आवारे, कुंपणभिंती, टाक्यांचे ओटे असे काही ना काही चालूच राहते. पदार्थविज्ञानातल्या नव्या संशोधनाबद्दल लिहायला बसलो तेव्हा आमच्यासमोर अशीच छोटी कामे होती. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे पोट याच कामांवर आहे, आणि काळ्या मातीचा सर्वांत मोठा फटकाही त्यांनाच बसतो.

मोठ्या इमारतीसाठी बोअर घेतले जातात, सल्लागार येतो, पाया खोल जातो. शिवाय इमारतीचे वजनच मातीच्या फुगण्याला दाबून धरते. एकमजली भक्तनिवासाला यातले काही मिळत नाही. त्याचे वजन कमी आणि मातीचा फुगवटा-दाब जास्त, त्यामुळे माती त्याला उचलते. पावसाळ्यात जोते वर येते, उन्हाळ्यात कडा खाली बसतात, दाराच्या चौकटी तिरप्या होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. मिस्त्री तडा भरून देतो. पुढच्या वर्षी तो तिथेच उघडतो. वऱ्हाडात काम केलेल्या कुणालाही हे नवे नाही. पण आपण अजूनही दोष सिमेंटला, वाळूला नाहीतर गवंड्याला देतो, आणि पायाखालच्या पदार्थाचा अभ्यास राहून जातो.

तो पदार्थ म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. बेसॉल्ट कुजून तयार झालेल्या आपल्या काळ्या मातीत या गटातली खनिजे भरपूर असतात. त्याचा एकेक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा. दोन पापुद्र्यांना धरून ठेवणारे बंध इतके दुबळे की पाणी मधे सहज शिरते आणि त्यांना दूर सारते. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग आठशे चौरस मीटरपर्यंत भरतो. केओलिनाइटचा दहा-वीस चौरस मीटर. पापुद्र्यांच्या मधे सोडियम जास्त असेल तर फुगणे आणखी वाढते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात काम करताना हे विशेष लक्षात ठेवावे लागते. मानोरा-दिग्रसकडच्या चढउतारांवर दुसरीच अडचण येते. वर बरड आणि मुरूम, नाल्याकडे उतरत गेले की काळी माती खोल होत जाते. इमारतीचा एक कोपरा मुरमावर आणि दुसरा दोन मीटर काळ्या मातीवर आला, तर दोन्ही कोपरे सारखे हलणार नाहीत. तडा नेमका अशाच ठिकाणी पडतो.

ही माती ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. भारतीय मानक 2720, भाग 40 मधली चाचणी आपल्यापैकी प्रत्येकाने शिकताना केलेली आहे. भट्टीत वाळवलेली, 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली प्रत्येकी दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. काचकांडीने ढवळून अडकलेली हवा बाहेर काढायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलचे रेणू पापुद्र्यांमधे शिरत नाहीत, म्हणून त्या पात्रातली माती आपल्या मूळ आकारमानात तळाशी बसते. पाण्याच्या पात्रातली माती दाट गाळासारखी वर चढलेली दिसते. दोन्ही वाचनांतला फरक रॉकेलच्या वाचनाने भागून शंभरने गुणला की मुक्त फुगवटा निर्देशांक मिळतो. तो 50 टक्क्यांच्या वर गेला, तर ती माती रस्त्याच्या भरावात वापरायला केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे तपशील मनाई करतात. रस्त्याला हा नियम आहे. भक्तनिवासाच्या अंदाजपत्रकात मात्र या चाचणीसाठी एक ओळही सापडत नाही, आणि ही गोष्ट आम्हाला मनापासून खटकते.

आता संशोधनाकडे वळू. काळी माती सुधारण्यावर देशात दरवर्षी ढिगाने शोधनिबंध निघतात. चुना, फ्लाय अ‍ॅश, स्लॅग, उसाच्या चिपाडाची राख, जिओपॉलिमर, झँथन गम. बहुतेकांचा साचा सारखाच असतो. पदार्थ मिसळला, नमुने सात आणि अठ्ठावीस दिवस ठेवले, दाबून फोडले, ताकद इतक्या पटीने वाढली. ताकद वाढते, यात शंका नाही. पण पोहरादेवीच्या ओट्याला ताकदीअभावी तडा जात नाही. तो जातो जूनमधल्या ओल्या आणि मे महिन्यातल्या कोरड्या मातीच्या आकारमानात पडणाऱ्या फरकामुळे. तेव्हा सुधारलेली माती ओली-कोरडी, ओली-कोरडी अशी अनेक आवर्तने सोसते का, हे आधी तपासायला हवे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुधाकर राव आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले होते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात चुना घातलेल्या फुगीर मातीला ओले-कोरडे करण्याची आवर्तने दिली, तेव्हा चुन्याचा फायदा काही अंशी ओसरत गेला. चुना टाकू नये असा याचा अर्थ नव्हे. चुन्यातले कॅल्शियम सोडियमची जागा लगेच घेते, माती भुसभुशीत होते, आणि सामू साडेबाराच्या जवळ टिकला तर पुढे काही महिने सिमेंटसारखे बंध तयार होत राहतात. पारसच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणची कमी कॅल्शियमची राख या कामात चुन्याला साथ देते. पण चुन्याचे प्रमाण बेताचे ठेवले, मिसळणे वरवर झाले, तर चार-पाच पावसाळ्यांत पुन्हा तीच कथा. मातीत किंवा पाण्यात सल्फेट असले तर चुना उलटतो. त्यातून एट्रिंगाइट नावाचे पाणी ओढणारे खनिज तयार होते आणि जमीन उलट जास्त फुगते. लास व्हेगासमधल्या स्टुअर्ट अ‍ॅव्हेन्यूचा रस्ता असाच चुना घातल्यावर उचलला गेला. जेम्स मिचेल यांनी 1986 मध्ये ते प्रकरण मांडल्यापासून चुन्याआधी सल्फेटची तपासणी हा जगभरचा धडा झाला. आपल्याकडे ती तपासणी किती साइटवर होते, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे.

अलीकडच्या कामांत आम्हाला सर्वांत ओढ वाटते ती जैविक सिमेंटीकरणाची, आणि तिचा वाशिमशी थेट संबंध आहे. युरियाचे विघटन करणारे जिवाणू कॅल्शियमच्या द्रावणात चुनखडीचे स्फटिक घडवतात आणि कण जोडले जातात. वाळूत हे छान चालते. काळ्या मातीत मात्र जिवाणूंना वाटच मिळत नाही. ते साधारण अर्धा ते तीन मायक्रॉनचे आणि चिकणमातीची छिद्रे त्याहून बारीक. म्हणून संशोधक जिवाणूंऐवजी नुसते युरिएज हे विकर वापरू लागले, आणि ते स्वस्तात मिळवण्यासाठी सोयाबीनच्या पिठाचा अर्क घेऊ लागले. जिल्ह्याचे मुख्य पीकच सोयाबीन, त्यामुळे ही बातमी आपल्याला सुखावणारच. पण उत्साहाच्या भरात दोन गोष्टी निसटू नयेत. एक तर या प्रक्रियेत जे कॅल्शियम क्लोराइड घालतात, तेच सोडियमला हटवून फुगवटा कमी करते. तेव्हा निबंधात नुसत्या कॅल्शियम क्लोराइडचा तुलनेचा नमुना नसेल, तर श्रेय विकराचे की मिठाचे हे कळत नाही. दुसरे म्हणजे मागे अमोनियम आणि क्लोराइड उरते. क्लोराइड सळईला गंजवते आणि अमोनियम विहिरीपर्यंत झिरपू शकते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथे याची उत्तरे मिळाल्याशिवाय ही पद्धत प्रयोगशाळेच्या बाहेर पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुने ज्ञानही हाताशी आहे आणि ते आपण पुरते वापरलेले नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा दाबलेला थर देण्याची पद्धत सिद्ध केली आणि कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ती उतरवली. कालव्यांच्या अस्तरीकरणाच्या भारतीय मानक 9451 मध्येही तिला जागा मिळाली. आपल्याकडे चांगला मुरूम मिळतो. फक्त तो न फुगणारा आहे याची खात्री त्याच दोन मोजपात्रांत करून घ्यावी आणि थर मीटरभराच्या आसपास, टप्प्याटप्प्याने दाबून द्यावा. वीतभर मुरूम पसरून वर पीसीसी ओतणे म्हणजे कट्टींची पद्धत नव्हे. रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने दिलेली अंडर-रीम्ड पाइल, तळाशी खोडाच्या अडीचपट व्यासाचा कंद असलेली, एकमजली कामालाही परवडू शकते, कारण ती जमिनीची हालचाल होणाऱ्या थराखाली नांगर टाकते.

पोहरादेवीला आणखी एक गोष्ट जपावी लागते. रामनवमी चैत्रात येते, म्हणजे माती तडकून बसलेली असते तेव्हा. त्याच वेळी हजारो माणसांसाठी तात्पुरते नळ, टाक्या, मोऱ्या लागतात. कोरड्या मातीत एकाच जागी पाणी मुरले, तर तिथेच फुगवटा उठतो. टाकीचा ओटा भक्तनिवासाच्या जोत्याला चिकटून बांधू नये, सांडपाणी भिंतीपासून लांब नेऊन सोडावे, जोत्याभोवती पाणी न झिरपणारा रुंद एप्रन द्यावा. पेव्हर ब्लॉकच्या आवाराखाली बाष्पीभवन थांबते, मध्यभागी ओल साचत जाते आणि फरशी पोटातून वर येते, हेही आखणी करताना धरून चालावे.

संशोधकांशी भांडण नाही. त्यांना आपल्या साइटवरचे आकडे मिळत नाहीत, हा दोष बराचसा आपला आहे. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नागपूरचे व्हीएनआयटी ही सगळी आपल्या टप्प्यात आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विषय हवे असतात आणि आपल्याला उत्तरे. विद्यार्थ्यांच्या निबंधात अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीबरोबर निदान पाच ओली-कोरडी आवर्तने, सल्फेटचे प्रमाण आणि फुगवटा-दाब असावा, असा आग्रह त्यांचे मार्गदर्शक धरू शकतात.

आपल्या बाजूने करायचे काम लहान आहे. काळ्या मातीवरच्या प्रत्येक नव्या कामात जोत्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी लेव्हलचे पक्के बिंदू बसवा. जवळ मुरमावर किंवा खडकावर एक संदर्भबिंदू ठेवा. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वाचने घ्या. सोबत मुक्त फुगवटा निर्देशांक, मातीची खोली आणि खाली काय केले, म्हणजे मुरूम, चुना की पाइल, याची नोंद ठेवा. पुढच्या जानेवारीच्या अंकापासून अशा नोंदींसाठी दोन पाने राखून ठेवत आहोत. मालकाचे आणि ठेकेदाराचे नाव छापणार नाही. गाव, माती आणि मिलिमीटर छापू, आणि फसलेल्या कामाच्या नोंदीला यशस्वी कामाइतकीच जागा देऊ.